मिशिगन सरोवर ओलांडणाऱ्या बोटी

उत्तर अमेरिकेचा नकाशा उघडला की अमेरिका व कॅनडाच्या सीमेवरील पाच मोठी सरोवरे लगेच नजरेत भरतात. त्यांपैकी चार दोन्ही देशांनी वाटून घेतली आहेत. पाचवे मिशिगन मात्र संपूर्णपणे अमेरिकेच्या हद्दीत येते. ओजिब्वे लोकांच्या भाषेतील ‘मोठे पाणी’ अशा अर्थाच्या शब्दावरून त्याला हे नाव पडले. नाव सार्थच आहे. याची उत्तर-दक्षिण लांबी सुमारे ४९४ किलोमीटर, क्षेत्रफळ सुमारे ५८,००० चौरस किलोमीटर, तर कमाल खोली २८१ मीटर आहे. महाराष्ट्राच्या जवळजवळ एक पंचमांश भाग पाण्याखाली गेला आहे अशी कल्पना केली, तर या ‘तळ्या’चा आवाका ध्यानात येईल. मध्यावर उभे राहिल्यास कोणताच किनारा दिसत नाही.

या सरोवराच्या पश्चिम काठावर विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी आणि पूर्व काठावर मिशिगन राज्यातील मस्कीगन ही दोन शहरे जवळजवळ समोरासमोर वसली आहेत. पाण्यावरून सरळ गेल्यास अंतर सुमारे १३० किलोमीटर. रस्त्याने जायचे तर दक्षिणेकडे उतरून, शिकागोला वळसा घालून पुन्हा उत्तरेकडे चढावे लागते. हे अंतर साधारण ४५० किलोमीटर भरते, आणि शिकागोची वाहनांची गर्दी वाट्याला येते ती वेगळीच. म्हणून मोटारी आणि प्रवासी घेऊन सरोवर सरळ ओलांडणारी एक वेगवान बोट २००४ सालच्या जूनपासून दर उन्हाळ्यात येथे धावते. तिचे नाव ‘लेक एक्सप्रेस’. ती हे अंतर अडीच तासांत कापते.

येथे दोन प्रश्न उभे राहतात. पहिला प्रश्न असा की, ही बोट फक्त उन्हाळ्यातच का चालते? याच सरोवरावर १८९२ पासून भर हिवाळ्यात, बर्फ फोडत बोटी ये-जा करीत होत्या. शंभराहून अधिक वर्षांनी आलेली बोट हिवाळ्यात धक्क्याला बांधून का ठेवावी लागते? दुसरा प्रश्न : सरळ रस्ता जवळचा, हे खरे, पण जवळचा रस्ता नेहमी स्वस्त असतो का? या दोन प्रश्नांच्या मागे लागलो की जहाजविद्येचा सव्वाशे वर्षांचा इतिहास आणि थोडे पदार्थविज्ञान आपोआप हाती येते.

रेल्वेच्या डब्यांसाठी बोट

सरोवर ओलांडणाऱ्या या बोटींचा जन्म माणसांसाठी झाला नाही, तो मालगाड्यांसाठी झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वायव्येकडील धान्य आणि पीठ पूर्वेकडील शहरांना पाठवायचे, तर ते शिकागोच्या रेल्वे यार्डातून जाई. तेथे इतकी दाटी असे की डबे खोळंबून पडत. ॲन आर्बर नावाच्या एका लहान रेल्वे कंपनीचा लोहमार्ग सरोवराच्या पूर्व काठावर फ्रँकफर्ट येथे संपत असे. पलीकडच्या काठावर दुसऱ्या कंपन्यांचे लोहमार्ग होते. मग माल उतरवून बोटीत भरण्याऐवजी भरलेले डबेच बोटीत का ढकलू नयेत, असा विचार पुढे आला. बोटीच्या तळमजल्यावर रूळ टाकायचे, मागचे टोक धक्क्याला भिडवायचे आणि इंजिनाने डबे आत सारायचे. १८९२ च्या नोव्हेंबरात ‘ॲन आर्बर क्रमांक १’ ही लाकडी बोट असे डबे घेऊन फ्रँकफर्टहून पलीकडच्या किवॉनीला गेली. नद्या आणि अरुंद सामुद्रधुन्यांवर अशा बोटी त्यापूर्वीही होत्या. परंतु उघड्या पाण्यावरून इतक्या दूरवर रेल्वेचे डबे नेण्याचे हे धाडस नवे होते.

ही बोट फ्रँक कर्बी या नौकारचनाकाराने आखली होती. कर्बीने १८८८ मध्ये मॅकिनॉकच्या सामुद्रधुनीसाठी ‘सेंट इग्नस’ नावाची बर्फ फोडणारी बोट तयार केली होती. तिला पुढच्या टोकालाही एक पंखा होता. हा पंखा बर्फाखालचे पाणी ओढून घेई. खालचा आधार गेला की बर्फाचा थर कमकुवत होई. शिवाय बोटीचे पुढचे टोक उतरते ठेवलेले असल्याने ती बर्फाला धडक देण्याऐवजी त्यावर चढे आणि आपल्या वजनाने तो मोडून टाकी. बर्फ ताणाला आणि वाकण्याला दुबळा असतो, दाबाला त्या मानाने बळकट असतो. म्हणून तो समोरून ठेचण्यापेक्षा वरून वाकवून मोडणे सोपे. पापड बोटांत दाबून चुरणे आणि वाकवून मोडणे यांतला फरक विद्यार्थ्यांना सहज करून पाहता येईल.

१८९७ मध्ये ‘पेर मार्केट’ ही पहिली पोलादी रेल्वे-फेरी लडिंग्टन ते मॅनिटोवॉक या मार्गावर आली. त्यानंतर पुढच्या काही दशकांत सरोवरावर अशा बोटींचे जाळेच विणले गेले. हिवाळा असो वा उन्हाळा, मालगाडीचे वेळापत्रक थांबत नसे, त्यामुळे बोटीही थांबत नसत. बोट जड असणे हा त्या काळी दोष नव्हता; बर्फ मोडायला जडपणाच उपयोगी पडे.

उघड्या मागच्या टोकाचा धोका

डबे ढकलण्यासाठी बोटीचे मागचे टोक उघडे ठेवावे लागे. हीच या रचनेतील दुखरी जागा होती. १९१० च्या सप्टेंबरात ‘पेर मार्केट १८’ ही बोट सरोवराच्या मध्यावर बुडाली आणि पंचवीसहून अधिक माणसे दगावली. २२ ऑक्टोबर १९२९ रोजी ‘मिलवॉकी’ नावाची रेल्वे-फेरी भर वादळात बंदरातून निघाली, ती पलीकडे पोचलीच नाही. बोटीवरील जवळपास पन्नास माणसांपैकी एकही वाचला नाही. १९७२ मध्ये तिचे अवशेष सापडले, तेव्हा मागच्या टोकाचे लाटा अडविणारे पोलादी फाटक वाकलेले आढळले.

आता थोडे पाणी आत आले तर एवढी मोठी बोट का बुडावी? याचे उत्तर पाण्याच्या वजनात नाही, तर त्याच्या हलण्यात आहे. पत्र्याचा एक रुंद ट्रे घ्या, त्यात बोटभर पाणी घाला आणि तो दोन्ही हातांनी किंचित कलता करा. सगळे पाणी खालच्या बाजूला धावते आणि ट्रे आणखी कलतो. बोटीतही हेच होते. बोट ज्या बाजूला कलते त्याच बाजूला पाणी जमा होते आणि सरळ होण्याची तिची शक्ती हिरावून घेते. याला ‘मुक्त पृष्ठभागाचा परिणाम’ म्हणतात. तो पाण्याच्या पृष्ठभागाच्या रुंदीच्या घनाप्रमाणे वाढतो. म्हणून ट्रेच्या मध्ये लांबीच्या दिशेने एक पट्टी उभी बसवली, तर दोन्ही कप्प्यांचा मिळून होणारा परिणाम मूळच्या एक चतुर्थांशावर येतो. (रुंदी निम्मी, तिचा घन एक अष्टमांश, असे दोन कप्पे.) हा प्रयोग वर्गात जरूर करावा.

मालाच्या जहाजात अशा आडव्या-उभ्या भिंती घालता येतात. पण डबे किंवा मोटारी आत-बाहेर करायच्या, तर मजला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग मोकळाच ठेवावा लागतो. बोटीची सोय आणि बोटीची सुरक्षितता येथे एकमेकींच्या विरुद्ध उभ्या राहतात. हा धडा सरोवरापुरता नव्हता. ६ मार्च १९८७ रोजी बेल्जियममधील झेब्रुग बंदराबाहेर ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ’ ही मोटारवाहू बोट पुढचे दरवाजे उघडे राहिल्याने काही मिनिटांत कलंडली आणि १९३ माणसे मृत्युमुखी पडली. बोट नवी होती, पण तिला बुडवणारे कारण १९२९ चेच होते.

मोटारींचे दिवस

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकन कुटुंबाच्या दारात मोटार आली होती. जून १९४१ मध्ये मस्कीगन-मिलवॉकी मार्गावर ‘मिलवॉकी क्लिपर’ ही बोट सुरू झाली. मूळची ती १९०४ सालची ‘जुनियाटा’ ही प्रवासी आगबोट. तिची रचनाही कर्बीचीच. वरचा भाग काढून टाकून तिला नवे रूप देण्यात आले. सुमारे ९०० प्रवासी आणि १२० मोटारी तिच्यात मावत. खाऱ्या समुद्रात पोलादी बोटीचे आयुष्य गंजामुळे लवकर सरते. गोड्या पाण्यात गंजण्याची क्रिया मंद असते. म्हणूनच १९०४ चे धड १९७० पर्यंत काम देत राहिले आणि आजही ते संग्रहालयाच्या रूपाने मस्कीगनला उभे आहे.

१९५३ मध्ये लडिंग्टनहून ‘बॅजर’ ही १२५ मीटर लांबीची कोळशावर चालणारी बोट सुरू झाली. पण वारे आता फिरत होते. १ नोव्हेंबर १९५७ ला सरोवराच्या उत्तर टोकाला मॅकिनॉकचा आठ किलोमीटर लांबीचा पूल खुला झाला. देशभर रुंद महामार्ग बांधले जाऊ लागले. अधिक ताकदीच्या डिझेल इंजिनांमुळे रेल्वेला लांबलचक गाड्या शिकागोमार्गे नेणे स्वस्त पडू लागले. डबे सुटे करा, बोटीत ढकला, पलीकडे पुन्हा जोडा, या खटाटोपापेक्षा वळसा परवडू लागला. १९७० मध्ये ‘क्लिपर’ थांबली. १९८२ मध्ये ॲन आर्बरच्या बोटी थांबल्या. १९९० मध्ये ‘बॅजर’ही थांबली आणि सरोवरावरून रेल्वेचे डबे नेण्याचे युग संपले. १९९२ मध्ये चार्ल्स कॉनरॅड या उद्योजकाने ‘बॅजर’ पुन्हा सुरू केली, ती मात्र मोटारी आणि पर्यटकांसाठी, आणि केवळ उन्हाळ्यापुरती.

येथे पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते. मालगाडीला हिवाळा नसतो; पर्यटकाला असतो. ऋतू बोटीत शिरला तो बर्फामुळे नव्हे, तर उतारू बदलल्यामुळे.

बोट आणि तिचीच लाट

उरलेले अर्धे उत्तर वेगात आहे. ‘बॅजर’ला सुमारे १०० किलोमीटरसाठी चार तास लागतात, म्हणजे ताशी २५ किलोमीटर. हा वेग दुप्पट करायचा असेल, तर इंजिन दुप्पट शक्तीचे बसवून भागेल का? अजिबात नाही.

पाण्यातून जाणाऱ्या बोटीला दोन मुख्य अडथळे असतात. एक, धडाला घासणाऱ्या पाण्याचे घर्षण. दुसरा, बोट स्वतःच निर्माण करीत असलेल्या लाटा. या लाटा उठवण्यात इंजिनाची शक्ती खर्च होते. हे दोन अडथळे वेगवेगळे मोजले पाहिजेत, हे इंग्लंडमधील विल्यम फ्राउड (१८१०-१८७९) याने ओळखले. त्याने लहान प्रतिकृती पाण्याच्या लांब हौदातून ओढून मोजमापे घेतली आणि प्रतिकृतीवरून खऱ्या जहाजाचे गणित कसे मांडावे हे दाखवून दिले.

खोल पाण्यावर लाटेची लांबी तिच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग मीटर प्रतिसेकंदात घेतला, तर त्याच्या वर्गाला ०.६४ ने गुणले की लाटेची लांबी मीटरमध्ये मिळते. बोटीबरोबर चालणाऱ्या लाटेचा वेग बोटीइतकाच असतो. आता ‘बॅजर’चे पाहू. ताशी २५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ७ मीटर. सातचा वर्ग ४९. लाट आली सुमारे ३१ मीटर. १२५ मीटरच्या बोटीखाली अशा चार लाटा बसतात. बोट आरामात तरंगते.

वेग वाढला की लाट लांबते. लाटेची लांबी बोटीइतकी झाली, की एक शिखर पुढच्या टोकाशी आणि दुसरे मागच्या टोकाशी येते. त्याहून वेग वाढवला, तर मागचे टोक लाटेच्या खळग्यात उतरते आणि पुढचे टोक वर उचलले जाते. बोट जणू आपणच रचलेल्या चढावर चढत राहते. येथून पुढे थोड्या वेगासाठी फार मोठी शक्ती ओतावी लागते. लांब बोटीला ही मर्यादा उशिरा भेटते, आखूड बोटीला लवकर.

‘लेक एक्सप्रेस’ची लांबी सुमारे ५८.५ मीटर. वरील सूत्राप्रमाणे तिची मर्यादा ताशी ३४ किलोमीटरच्या आसपास येते. प्रत्यक्षात तिचा कमाल वेग ३४ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ६३ किलोमीटर आहे. त्या वेगाला लाटेची लांबी १९६ मीटर होते, बोटीच्या तिपटीहून जास्त! मग ती आपल्याच लाटेत अडकत कशी नाही?

कट्टुमरम आणि ॲल्युमिनियम

याचे रहस्य तिच्या आकारात आहे. तिला एक रुंद धड नसून दोन अरुंद, लांबट धडे आहेत आणि ती वरून एका मजल्याने जोडलेली आहेत. सुरीची धार पाण्यातून ओढली तर पाणी फारसे उसळत नाही, पाटी आडवी ओढली तर उसळते. अरुंद धड पाणी कमी बाजूला सारते, त्यामुळे लाट उंच उठत नाही. चढ आहे, पण तो बुटका आहे. एकटे अरुंद धड सहज कलंडेल. दोन धडे एकमेकांपासून दूर ठेवली की स्थिरता मिळते. अशा बोटीला इंग्रजीत ‘कॅटामरान’ म्हणतात. हा शब्द आपल्याच देशातला. तमिळमध्ये ‘कट्टु’ म्हणजे बांधणे आणि ‘मरम’ म्हणजे लाकूड. कोरोमंडलच्या किनाऱ्यावरील कोळ्यांचे एकत्र बांधलेल्या ओंडक्यांचे तरंगते वाहन म्हणजे कट्टुमरम. नाव तेथून गेले. दोन धडांची रचना मात्र प्रशांत महासागरातील बेटांवरच्या नावाड्यांच्या परंपरेशी अधिक जवळची आहे.

दुसरी गोष्ट वजनाची. बोट जितकी हलकी, तितके ती कमी पाणी बाजूला सारते. पोलादाची घनता पाण्याच्या ७.८ पट, ॲल्युमिनियमची २.७ पट. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचे मोठे भाग खात्रीने जोडण्याचे तंत्र आणि हलकी, वेगाने फिरणारी डिझेल इंजिने यांची सांगड १९८० नंतरच्या काळात ऑस्ट्रेलियातील कारखान्यांनी घातली. १९९० च्या जूनमध्ये टास्मानियात बांधलेल्या ७४ मीटरच्या ‘हॉवरस्पीड ग्रेट ब्रिटन’ या जोडधडी बोटीने साडेतीन दिवसांच्या आत अटलांटिक ओलांडून प्रचंड प्रवासी जहाजांचा जुना विक्रम मोडला.

‘लेक एक्सप्रेस’ ऑस्टल या मूळ ऑस्ट्रेलियन कंपनीच्या अलाबामातील मोबील येथील कारखान्यात बांधली गेली. अमेरिकेच्या दोन बंदरांमध्ये वाहतूक करणारी बोट अमेरिकेतच बांधलेली असावी, असा तेथे जुना कायदा आहे. तिच्यात ४६ मोटारी आणि सुमारे २५० प्रवासी मावतात. चार डिझेल इंजिने मिळून १२,००० अश्वशक्ती देतात. पंख्याऐवजी पाण्याचे झोत मागे फेकून ती पुढे सरकते.

पण या गुणांची दुसरी बाजूही आहे. पातळ ॲल्युमिनियमचे हलके धड बर्फावर चढून तो मोडू शकत नाही. बर्फात चालण्यासाठी ते बांधलेलेच नाही. शिवाय सरोवर उत्तर-दक्षिण लांब असल्याने त्या दिशेच्या वाऱ्याला लाटा वाढवायला शेकडो किलोमीटर मोकळे पाणी मिळते. बोटीचा मार्ग पूर्व-पश्चिम, म्हणून या लाटा तिला बाजूने गाठतात. सरोवरातील लाटा महासागरातल्यापेक्षा आखूड आणि उभ्या असतात. जोडधडी बोट त्यांवर झोके न घेता हिसके घेते. पाण्याखालचे हलते पंख संगणकाच्या साहाय्याने हे हिसके कमी करतात, तरी लाटा फार वाढल्या की फेरी रद्द करावी लागते. शरद ऋतूत वादळे वाढतात आणि पर्यटक घटतात. तेव्हा मे ते ऑक्टोबर हा हंगाम ठरतो तो असा.

वेगाचा हिशेब

आता दुसरा प्रश्न. ‘बॅजर’ची शक्ती ७,००० अश्वशक्ती, वेळ चार तास, मोटारी १८०. म्हणजे पूर्ण भरलेल्या बोटीत दर मोटारीमागे सुमारे १५६ अश्वशक्ती-तास काम. ‘लेक एक्सप्रेस’ची शक्ती १२,०००, वेळ अडीच तास, मोटारी ४६. दर मोटारीमागे सुमारे ६५० अश्वशक्ती-तास. चौपटीहून अधिक!

डिझेल इंजिनाला एक अश्वशक्ती-तास काम करायला साधारण १५० ग्रॅम तेल लागते. इंजिने पूर्ण शक्तीने चालत नाहीत असे धरले, तरी दर मोटारीमागे शंभर लिटरच्या आसपास तेल येते. तीच मोटार शिकागोमार्गे ४५० किलोमीटर गेली असती, तर चाळीसेक लिटरमध्ये काम भागले असते. हा हिशेब ढोबळ आहे आणि त्यात मोटारीविना येणारे प्रवासी धरलेले नाहीत. पण दिशा स्पष्ट आहे. अंतर एक तृतीयांशाहून कमी असूनही इंधन जास्त जळते. कारण पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन आहे, आणि चाकांवर गाडी लोटणे हे वजन पाण्यातून ओढण्यापेक्षा सोपे आहे. उतारू येथे विकत घेतो तो वेळ आणि विश्रांती. इंधनाची बचत नव्हे.

मग जुनी, संथ ‘बॅजर’ चांगली म्हणावी का? तेही सरळ नाही. तिच्या वाफेच्या इंजिनाची कार्यक्षमता डिझेलच्या निम्म्याहूनही कमी, त्यामुळे वरचा चौपटीचा फायदा इंधनाच्या हिशेबात बराच आटतो. शिवाय कोळशाची राख पाण्यात मिसळून सरोवरात सोडली जाई. एका हंगामात ही राख पाचशे टनांच्या घरात जाई. पर्यावरण खात्याशी २०१३ मध्ये झालेल्या न्यायालयीन तडजोडीनंतर २०१५ च्या हंगामापासून राख बोटीवरच साठवून काठावर उतरवली जाऊ लागली. २०१६ मध्ये या बोटीला राष्ट्रीय ऐतिहासिक वारशाचा दर्जा मिळाला. वारसा आणि प्रदूषण एकाच धुराड्यातून बाहेर पडत होते.

दुसऱ्या सरोवरावरची कथा

तंत्र जमले म्हणजे सेवा टिकतेच असे नाही. ‘लेक एक्सप्रेस’ सुरू झाली त्याच महिन्यात, जून २००४ मध्ये, ऑन्टारिओ सरोवरावर रॉचेस्टर ते टोरांटो अशी दुसरी वेगवान जोडधडी बोट सुरू झाली. तीही ऑस्टलचीच, पण ऑस्ट्रेलियात बांधलेली. ८६ मीटर लांब, ७७४ प्रवासी आणि २३८ मोटारी नेणारी. तीन महिने पुरे होण्याआधीच, सप्टेंबरात ती बंद पडली. रॉचेस्टर शहराने २००५ मध्ये लिलावात ३.२ कोटी डॉलरला ती विकत घेऊन पुन्हा सुरू केली. सुमारे एक कोटी डॉलरचा तोटा झाल्यावर जानेवारी २००६ मध्ये सेवा कायमची थांबली. पुढे ही बोट जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीवर स्पेन आणि मोरोक्को यांच्यामध्ये धावू लागली. तोट्याचा भार मात्र रॉचेस्टरच्या करदात्यांवर राहिला.

एक टिकली, दुसरी का बुडाली? नकाशा पाहा. रॉचेस्टरहून टोरांटोला रस्त्याने सुमारे २७० किलोमीटर, तीन-साडेतीन तास. बोटीला सव्वादोन तास, त्यात दोन देशांमधली तपासणी आणि बोटीत चढण्या-उतरण्याचा वेळ मिळवला की बचत जवळजवळ शून्य. बोट परदेशी नोंदणीची असल्याने सरोवरातील वाटाड्याचे शुल्कही पडे. मोठ्या बोटीला रोज मोठी गर्दी हवी. ती आली नाही. मिशिगनवरची बोट लहान, हंगाम मर्यादित आणि रस्त्याचा वळसा तिपटीहून जास्त. इंजिने दोन्हीकडे उत्तम होती. फरक केला तो भूगोलाने आणि हिशेबाने.

वर्गात काय करता येईल

एक गंमत म्हणून हे उदाहरण द्यावे. समजा, बोट मिलवॉकीहून सकाळी ६ वाजता निघाली आणि अडीच तासांनी मस्कीगनला पोचली. तेथे घड्याळात किती वाजले असतील? उत्तर साडेआठ नाही, साडेनऊ. सरोवराच्या दोन काठांवरची प्रमाणवेळ एका तासाने वेगळी आहे. ती परत सव्वादहाला निघाली तर मिलवॉकीच्या घड्याळात पावणेबारालाच पोचेल. जाताना साडेतीन तास, येताना दीड तास, हे कोडे मुलांना आवडते.

दुसरे काम आपल्या किनाऱ्याचे. मुंबईहून मांडवा पाण्याने साधारण १९ किलोमीटर. रस्त्याने पेणमार्गे शंभराच्या आसपास. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारी नेणारी रो-रो बोट सुरू झाली. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या प्रवासी बोटी पावसाळ्यात बंद असतात. तिकडे हिवाळा, इकडे मोसमी वारा. आपल्या जिल्ह्यातील खाडी, नदी किंवा धरणाच्या पाण्यावरील एखादी तर निवडा आणि विद्यार्थ्यांना चार गोष्टी काढायला सांगा : रस्त्याचे अंतर भागिले पाण्याचे अंतर, चढण्या-उतरण्यासह लागणारा खरा वेळ, भरलेल्या आणि अर्ध्या रिकाम्या बोटीत माणशी किंवा गाडीमागे जळणारे तेल, आणि वर्षातून बंद राहणारे दिवस. तांडेल, तिकीट देणारा आणि रोजचा उतारू या तिघांना विचारून ही माहिती मिळते. मग नवी बोट हवी की पूल हवा, की आहे ती तर नीट चालवणे पुरे, यावर वर्गात चर्चा घ्यावी. बहुतेक वेळा मुलांची उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. तेव्हा कोणाच्या रकान्यातील कोणता आकडा वेगळा आहे हे फळ्यावर मांडावे, आणि तो आकडा खरा किती हे पाहायला पुन्हा धक्क्यावर जावे.